खांबांखालचं पाणी

फाटकाच्या पाटीवर उघडण्याची तारीख
तीनदा रंगवलेली, तीनदा पुसलेली.
चौथ्यांदा कुणी नुसतंच लिहिलंय:
सध्या बंद.

आम्ही कोराटहून निघालो होतो,
बँकॉकला गाडी बदलून.
बाबांनी इस्त्रीचा शर्ट रात्रभर मांडीवर जपलेला,
पहाटे स्टेशनच्या नळावर तोंड धुऊन घातलेला.
माझ्या कमरेला वीस बात भाड्याचा सारोंग.
लामायमावशी म्हणाली होती,
उघड्या गुडघ्यांनी राजाच्या घरी जात नाहीत.
घर बंद आहे हे तिला माहीत होतं.
पैसे परत मागितले तर म्हणाली,
नेसलीस ना? मग झालं.

पहारेकरी सवेंग खुर्चीत बसून
कच्च्या पेरूला तिखटमीठ लावत होता.
त्याने आम्हाला हाकललं नाही.
म्हणाला, कुंपणाच्या कडेने समुद्राच्या अंगाला या,
तिथून खालचं दिसतं.

खालचं म्हणजे खांब.
सागवानी घर जमिनीपासून दीड पुरुष उंच,
आणि प्रत्येक खांबाच्या पायाशी
सिमेंटचं गोल आळं,
त्यात पाणी.
मुंग्या चढू नयेत म्हणून.

बाबा मोठ्याने हसले.
मुंगीलाही शिरकाव नाही, हे इथे
नुसतं म्हणायचं नसतं,
रोज बादलीने भरायचं असतं.

किती खांब, त्यांनी विचारलं.
रेल्वेत सांधेवाले होते,
मोजल्याशिवाय त्यांना काही दिसत नाही.
तीनशे अठरा, सवेंग म्हणाला.
निम्मे सकाळी, निम्मे संध्याकाळी. एकोणीस वर्षं.
आणि वर?
सवेंगने मान वर केली,
आपण शेजाऱ्याच्या माळ्याकडे बघतो तशी.
वर मी गेलो नाही.
माझं काम घराच्या खालचं.

पण ऐकू येतं, म्हणाला.
रात्री फळ्या निवतात
तेव्हा कुणी अनवाणी चालल्यासारख्या वाजतात,
जेवणघरापासून सज्ज्यापर्यंत,
आणि सज्ज्यात थांबतात.
वर्षातून एकदा पडदे न्यायला परीटीण येते.
ती सांगते, एका खोलीत एक खुर्ची आहे
भिंतीकडे तोंड केलेली.
शिक्षा झाली असावी, असं तिला वाटतं.
पडदे मोजून नेते, मोजून आणते.
एकदा एक रुमाल जास्त निघाला,
तर तो कुणाचा, यावर तीन पत्रं आली.

मग बाबांना दिसलं.
कोपऱ्यातल्या सुरूच्या झाडाशी एक खांब,
दुरुस्तीवाल्यांनी तिथला नळ तोडलेला,
आळं कोरडं ठक्क,
आणि लाल मुंग्यांची एक रांग
धक्काबुक्की न करता
वर.
एकीच्या तोंडात पेरूचा कण,
तिखटमिठासकट.

सवेंगनेही पाहिलं.
बादली त्याच्या हाताशीच होती, अर्धी भरलेली.
त्याने ती उचलली,
आणि बाबांकडे बघून पुन्हा ठेवली.
बाबा काही बोलले नव्हते.
फक्त उभे होते,
पूर्वी तरफेवर हात ठेवून उभे राहत तसे,
गार्डाचा डबा दिसेनासा होईपर्यंत.

रांग संपायला बराच वेळ लागला.
मध्येच तुटायची,
वाटायचं झालं,
आणि कुणीतरी मागे राहिलेली पळत यायची.

मग सवेंगने चपला काढल्या,
वाकून घराखाली गेला,
पाणी ओतलं.
मी म्हणाले, आता त्यांना उतरता यायचं नाही.
हं, तो खालूनच म्हणाला.
वर खायलाही काही नाही.

परतीच्या गाडीत बाबा फेचबुरीपर्यंत गप्प.
मग म्हणाले, त्या भिंतीत
आधी खिडकी असेल.
मी हो म्हणाले,
आणि गुडघ्यांवरची वाळू झटकायला गेले
तर हाताला लागला
लामायमावशीचा सारोंग.